प्रिन्स ऑफ पर्शियाचं काय झालं? गेम बनवणाऱ्यांची जागरणं, नोकरकपात आणि तेच ते गेम

२०२६ च्या जानेवारीत युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने एका दमात सहा गेम रद्द केले. त्यांत 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम' या २००३ च्या गेमचा रिमेक होता. जुना गाजलेला गेम नव्या तंत्राने, नव्या चित्रांसह पुन्हा बनवणं म्हणजे रिमेक. २०२० च्या सप्टेंबरात तो जाहीर झाला तेव्हा आपल्याकडे त्याचं विशेष अप्रूप होतं, कारण काम युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होतं. पहिली तारीख होती जानेवारी २०२१. ती मार्चवर गेली, मग बेमुदत पुढे. २०२२ च्या मे महिन्यात काम कॅनडातल्या माँट्रियल स्टुडिओकडे गेलं. तिथे आणखी जवळपास चार वर्षं लागली आणि शेवटी गेम रद्दच झाला.

गेमच्या जगातल्या अशा बातम्या सध्या रोज येतात. कुठे स्टुडिओ बंद, कुठे हजार माणसं घरी, कुठे संप, कुठे पुन्हा पुढे ढकललेली तारीख. जीटीए या जगभर गाजलेल्या गेमचा सहावा भाग २०२६ च्या मे महिन्यात येणार होता, आता १९ नोव्हेंबर सांगितली आहे. ज्या धंद्याची जगभरातली वार्षिक उलाढाल १८ हजार कोटी डॉलरच्या पुढे आहे, तिथे माणसं रात्र-रात्र का राबतात? गेम चालला तरी नोकरी का जाते? आणि एवढं सगळं होऊन बाजारात बघावं तर पुढचा भाग नाहीतर रिमेक, असं का? हे तीन प्रश्न वेगळे वाटतात. माझ्या मते ते एकाच गाठीचे आहेत, आणि ती गाठ सोडवायला प्रिन्स ऑफ पर्शियाइतकं चांगलं उदाहरण नाही.

एका माणसाचा गेम

१९८५ साली जॉर्डन मेकनर हा कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला अमेरिकन तरुण ॲपल टू संगणकावर एक गेम बनवायला बसला. तोच पहिला 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. माणूस खरोखर पळतो, उडी मारतो तसा पडद्यावर दिसला पाहिजे, हा त्याचा ध्यास होता. त्याने धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून पळायला आणि उड्या मारायला लावलं, त्याचं व्हिडिओ चित्रीकरण केलं आणि त्यातल्या एकेका चौकटीवरून आकृती गिरवून घेतली. नव्वदच्या दशकात ज्यांनी कॉम्प्युटर क्लासच्या मशीनवर हा गेम खेळलाय त्यांना तो राजपुत्र आठवत असेल. पळता पळता थांबवला की तो लगेच थांबत नसे, पाय घासत पुढे जायचा, आणि पुढे जमिनीतून सळया वर यायच्या. ते घासणं डेव्हिडचं होतं.

पुढे मशीनची मेमरी संपत आली. लढायला शत्रू हवा होता, पण नव्या पात्राची चित्रं ठेवायला जागाच उरली नव्हती. मग मेकनरने राजपुत्राचीच चित्रं जरा सरकवून त्यांच्यावरच उमटवली आणि पडद्यावर एक झगमगती सावली उभी राहिली. आरशातून बाहेर पडून राजपुत्राच्या वाटेत येणारी ही सावली त्या गेममधली सर्वांत लक्षात राहणारी गोष्ट ठरली. संगीत मेकनरच्या वडिलांनी दिलं. १९८९ च्या ऑक्टोबरात गेम बाजारात आला. सुरुवातीचा खप जेमतेम होता, पण पुढे तो जगभर पोचला.

या सगळ्याला चार वर्षं लागली, आणि चूक झाली असती तर नुकसान मुख्यतः एका तरुणाच्या चार वर्षांचं होतं. पुढचं सगळं या एका हिशोबावर उभं आहे.

आता कोण कोण लागतं

आज मोठ्या गेममागे शेकडो माणसं असतात, काहींमागे हजारांच्या घरात. प्रोग्रामर, चित्रकार, ॲनिमेटर, ध्वनी सांभाळणारे, कथा लिहिणारे, खेळाचे नियम आणि जागा रचणारे डिझायनर, आणि चुका शोधणारे टेस्टर. गेम बनवणाऱ्या जागेला स्टुडिओ म्हणतात. पैसा लावणारी आणि गेम विकणारी कंपनी म्हणजे पब्लिशर. कधी दोन्ही एकाच मालकाचे असतात, कधी स्टुडिओ स्वतंत्र असतो आणि ठरलेला टप्पा गाठला की पब्लिशरकडून हप्ता मिळतो.

खर्च किती येतो हे कंपन्या सहसा सांगत नाहीत. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका खटल्यात सोनीने दिलेल्या कागदांवरचे आकडे काळ्या मार्करने खोडले होते, पण स्कॅन केलेल्या प्रतीत ते वाचता आले. 'द लास्ट ऑफ अस'च्या दुसऱ्या भागाला २२ कोटी डॉलर, 'होरायझन फॉरबिडन वेस्ट'ला २१ कोटी २० लाख डॉलर. म्हणजे एकेका गेमला तेव्हाच्या दराने १,७०० ते १,८०० कोटी रुपये, आणि पाच-सहा वर्षांचं काम. मेकनरचा जुगार एका माणसाचा होता. हा जुगार हरला तर स्टुडिओ बुडतो.

उडी अर्ध्या मीटरने वाढवली तर

"एवढी वर्षं आणि एवढी माणसं असूनही तारीख का चुकते? नियोजन नीट करायला काय होतं?" हा प्रश्न पुलाच्या किंवा इमारतीच्या कामाला लागू पडतो. गेमची अडचण वेगळी आहे. पूल कशासाठी बांधायचा ते आधी ठरलेलं असतं. गेम मजेदार झालाय का, हे तो खेळून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि खेळण्याजोगा व्हायला कधीकधी दोन वर्षं जातात.

समजा, तिसऱ्या वर्षी लक्षात आलं की नायकाची उडी तोकडी वाटतेय. ती अर्ध्या मीटरने वाढवायची. प्रोग्रामरच्या दृष्टीने हा एका आकड्याचा बदल. पण लांब उडीला जुनी हालचाल शोभत नाही, म्हणून ॲनिमेटर बसला. जिथे पोचता येऊ नये अशी रचना होती त्या कठड्यांवर आता नायक सहज पोचतो, म्हणून डिझायनरने पन्नास ठिकाणच्या भिंती हलवल्या. भिंती हलल्या म्हणून चित्रकारांनी रंगवलेली सजावट तुटली, उजेड बदलला, कॅमेरा खांबाच्या आत घुसायला लागला. आणि टेस्टरला सगळा गेम पहिल्यापासून तपासायचा आला.

टेस्टरचं काम म्हणजे दिवसभर गेम खेळणं, अशी समजूत आहे. प्रत्यक्षात एका तळघराच्या चारही भिंतींना नायकाला टेकवून इंच-इंच सरकवत न्यायचं, कुठे फट राहिलीय का, तो भिंतीतून आरपार पडतो का ते पाहायचं. पडला तर कसा पडला ते पायरीपायरीने लिहायचं आणि पुन्हा पाडून दाखवायचं. दुरुस्ती झाली की परत तीच भिंत. आणि उडी बदलली की सगळ्या भिंती.

क्रंच म्हणजे काय

इकडे काम असं वाढत असतं आणि तिकडे तारीख मात्र पक्की केलेली असते. जाहिरातीचे पैसे दिलेले असतात, नाताळची खरेदी गाठायची असते, भागधारकांना तिमाहीचे आकडे दाखवायचे असतात. काम आणि तारीख यांमधला हा खड्डा ज्या जादा तासांनी भरला जातो, त्याला या धंद्यात 'क्रंच' म्हणतात. रात्री उशिरापर्यंत थांबणं, शनिवार-रविवार कामावर येणं, आणि हे कधी काही आठवडे तर कधी अनेक महिने.

गणेशोत्सवाचं मंडळ चालवलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. चतुर्थी पंचांगाने ठरवलेली, ती कुणासाठी थांबत नाही. देखावा मात्र शेवटच्या आठवड्यात अर्धाच झालेला असतो आणि कार्यकर्ते रात्र-रात्र मांडवात असतात. पण फरकही तिथेच दिसतो. मंडळाची जागरणं तीन-चार रात्रींची, स्वखुशीची, आणि देखावा आपल्या गल्लीचा. क्रंचमध्ये सहा महिने मांडवातच राहायचं, नाही म्हटलं तर पुढच्या बढतीच्या यादीतून नाव जायचं, आणि उत्सव संपल्यावर देखाव्यावर तुमचा काही हक्क नाही.

जगाला हे पहिल्यांदा ठळकपणे कळलं २००४ च्या नोव्हेंबरात. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, म्हणजे ईए, या बड्या अमेरिकी कंपनीतल्या एका कर्मचाऱ्याच्या वाग्दत्त वधूने इंटरनेटवर निनावी पत्र लिहिलं. सकाळी नऊ ते रात्री दहा, आठवड्याचे सातही दिवस, क्वचित शनिवारची संध्याकाळ मोकळी, असं वेळापत्रक तिने मांडलं होतं. नंतर कळलं की ती एरिन हॉफमन. त्या सुमारास ईएवर जादा कामाच्या मोबदल्यासाठी दावे झाले आणि कंपनीला चित्रकारांसाठी १ कोटी ५६ लाख, तर प्रोग्रामरांसाठी १ कोटी ४९ लाख डॉलरची तडजोड करावी लागली.

पुढे हेच चित्र पुन्हापुन्हा दिसलं. २०१० मध्ये जीटीए बनवणाऱ्या रॉकस्टार या कंपनीच्या सॅन दिएगो स्टुडिओतल्या कर्मचाऱ्यांच्या पत्नींचं पत्र आलं. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियात बनलेला 'एल. ए. न्वार' बाजारात आला तेव्हा त्यावर राबलेल्या शंभराहून जास्त लोकांची नावं श्रेयनामावलीत नव्हती किंवा चुकीची होती. ही मला जास्त तासांपेक्षाही मोठी नागवणूक वाटते. या धंद्यात पुढची नोकरी मिळवायची तर आधीच्या गेममधलं नाव हाच पुरावा असतो.

"पण जागरणाशिवाय मोठं काम होतं का?"

हा आक्षेप नेहमी येतो आणि तो सरसकट खोटा नाही. गाजलेल्या कितीतरी गेममागे क्रंच आहे. पण त्यावरून क्रंचमुळे गेम चांगले झाले असं सिद्ध होत नाही. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडचं उदाहरण बघा. 'सायबरपंक २०७७' बनवताना २०१९ मध्ये कंपनीने सांगितलं होतं की जादा काम सक्तीचं नसेल. २०२० च्या सप्टेंबरात सहा दिवसांचा आठवडा सक्तीचा झाला. तीनदा तारीख ढकलून १० डिसेंबरला गेम आला, आणि जुन्या प्लेस्टेशनवर तो इतका मोडका चालत होता की आठवड्याभरात सोनीने आपल्या दुकानातून काढून टाकला. सहा महिन्यांनी तो परत आला. थकलेला माणूस चुका करतो आणि त्या चुका दुरुस्त करायला आणखी जागरण लागतं.

उलट, कॅलिफोर्नियातल्या सुपरजायंट या छोट्या स्टुडिओने 'हेडीज' बनवताना शुक्रवारी संध्याकाळनंतर कामाचे ईमेल नाहीत आणि ठरावीक रजा घ्यायचीच, असे नियम पाळले. तो गेम २०२० च्या सर्वांत वाखाणलेल्या गेमपैकी एक. त्यांना जमलं, कारण अर्धवट गेम दोन वर्षं आधीच खेळाडूंच्या हाती देऊन ते त्यांच्या प्रतिक्रियांवर पुढचं काम ठरवत होते. मजा येतेय का, हे लवकर कळलं.

"आवडीचं काम आहे, पगारही बरा आहे, मग तक्रार कशाला?" असंही म्हटलं जातं. वरच्या प्रोग्रामरांचा पगार बरा असतो हे खरं. टेस्टर बहुतेकदा कंत्राटी असतात, त्यांचा पगार कमी असतो आणि गेम झाला की कंत्राट संपतं. आणि आवड हीच इथे मालकाच्या हातातली दोरी आहे. लहानपणापासून जो गेम खेळलो त्याचा पुढचा भाग बनवायला मिळतोय म्हटल्यावर माणूस स्वतःहून थांबतो. तू नसशील तर बाहेर शंभर जण रांगेत आहेत, हे त्याला कुणी सांगावं लागत नाही.

गेम गाजला तरी नोकरी का जाते

२०२० आणि २०२१ मध्ये लोक घरात बसून होते. गेमचा खप फुगला, व्याजदर तळाला होते, कर्ज स्वस्त होतं. ही चढती कमान अशीच राहील असं धरून कंपन्यांनी भरती केली आणि एकमेकींना विकत घेतलं. मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड या बड्या गेम कंपनीसाठी ६,८७० कोटी डॉलर मोजले. तो सौदा २०२३ च्या ऑक्टोबरात पुरा झाला, तोवर लोक घराबाहेर पडले होते आणि व्याजदर चढले होते. २०२४ च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टच्या गेम विभागातून १,९०० जणांना काढलं. त्याच महिन्यात युनिटीने १,८०० आणि रायटने ५३०, पुढच्या महिन्यात सोनीने ९०० जण कमी केले.

यात सर्वांत बोचणारी गोष्ट टोकियोच्या टँगो गेमवर्क्सची. त्यांचा 'हाय-फाय रश' हा संगीताच्या ठेक्यावर लढण्याचा गेम २०२३ मध्ये आला. नवी कल्पना, समीक्षकांची वाहवा, आणि तो सर्व बाजूंनी यशस्वी झाल्याचं मायक्रोसॉफ्टच्याच अधिकाऱ्याने जाहीरपणे म्हटलं होतं. २०२४ च्या मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने तो स्टुडिओ बंद करायचं ठरवलं. नंतर क्राफ्टनने तो वाचवला. आपल्याकडे गल्लोगल्ली खेळल्या जाणाऱ्या बीजीएमआयची ही दक्षिण कोरियन कंपनी.

गाजलेल्या गेमचा स्टुडिओ बंद करण्यामागे हिशोब असा असतो: पुढचा गेम यायला चार-पाच वर्षं लागणार, तेवढा काळ शंभर पगार जाणार आणि उत्पन्न शून्य. ज्या कंपनीला या तिमाहीत खर्च कमी करून दाखवायचा आहे तिला मागच्या वर्षीच्या टाळ्यांचा उपयोग नसतो. २०२५ च्या सप्टेंबरात ईए विकत घेण्याचा ५,५०० कोटी डॉलरचा सौदा जाहीर झाला. सौदी अरेबियाचा सरकारी गुंतवणूक निधी त्यात प्रमुख आहे आणि त्यातले २,००० कोटी डॉलर कर्जाचे आहेत. ते कर्ज फेडण्याचा भार कंपनीवर येईल आणि कंपनीचा मोठा खर्च म्हणजे माणसं. ईएमधल्या लोकांची झोप उडाली असेल तर नवल नाही.

मग तेच ते गेम का

१,८०० कोटी लावणारा माणूस विचारतो, "हे चालेल याची खात्री काय?" त्याला पटेल असं उत्तर एकच असतं: मागचा भाग चालला होता. म्हणून क्रमांक वाढत जातात, म्हणून रिमेक येतात. जीटीए पाचचा खप २०१३ पासून २० कोटी प्रतींच्या वर गेलाय. अशा वेळी नव्या कल्पनेवर पैसा लावायला कोण धजावेल?

दुसरी वाट म्हणजे 'लाइव्ह सर्व्हिस'. गेम एकदाच विकायचा नाही, तो वर्षानुवर्षं चालू ठेवायचा आणि दर मोसमात नवे पोशाख, नवी शस्त्रं, नवे नकाशे विकत राहायचे. 'फोर्टनाइट'ने यात अमाप पैसा कमावला आणि सगळे त्यामागे धावले. पण माणसाच्या दिवसाला तास चोवीसच. ज्याचा सगळा मित्रकंपू एका गेममध्ये रमलाय तो दुसरीकडे कशाला जाईल? सोनीचा 'कॉनकॉर्ड' २०२४ च्या २३ ऑगस्टला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला. खेळणाऱ्यांना पैसे परत केले. ऑक्टोबरात स्टुडिओही बंद झाला. कित्येकांच्या आयुष्यातली वर्षं त्या दोन आठवड्यांत आटोपली.

सुरक्षित समजला जाणारा रिमेकही सुरक्षित नसतो, हे आपण प्रिन्स ऑफ पर्शियाच्या बाबतीत पाहिलं. मूळ गेम लोकांच्या मनात मोठा होऊन बसलेला असतो आणि रिमेकची तुलना त्या आठवणीशी होते. २०२० मध्ये ट्रेलर आला तेव्हा चित्रं जुनाट वाटतात म्हणून इंटरनेटवर झोड उठली. "भारतात दिलं म्हणून असं झालं" असंही बऱ्याच जणांनी लिहिलं, आणि आपल्याकडच्याही काहींनी मान डोलावली. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. माँट्रियल म्हणजे २००३ चा मूळ 'सँड्स ऑफ टाइम' जिथे बनला तो स्टुडिओ. त्यांच्याकडे काम जाऊन जवळपास चार वर्षं झाली तरी गेम पूर्ण झाला नाही. मग दोष एका शहराचा कसा?

माँपेलिए, एकाच गावातले दोन गेम

दक्षिण फ्रान्समध्ये माँपेलिए नावाचं शहर आहे. तिथल्या युबिसॉफ्टच्या स्टुडिओने २०२४ च्या जानेवारीत 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द लॉस्ट क्राउन' आणला. हा रिमेक नव्हता. नवा नायक, नवी कथा, पुन्हा बाजूने दिसणारा खेळ, उड्यांवर मेकनरच्या काळासारखी मेहनत घेतलेली. समीक्षकांनी उचलून धरला. खप कंपनीच्या अपेक्षेएवढा झाला नाही आणि वर्ष संपायच्या आत ती टीम मोडून माणसं इतर कामांवर पाठवली.

त्याच शहरात सँडफॉल इंटरॅक्टिव्ह नावाचा छोटा स्टुडिओ आहे. त्याचे संस्थापक गियोम ब्रॉश आधी युबिसॉफ्टमध्येच होते. सुमारे तीस जणांच्या मुख्य टीमने 'क्लेर ऑब्स्क्यूर: एक्स्पिडिशन ३३' बनवला. तो २०२५ च्या एप्रिलमध्ये आला, त्या वर्षात ५० लाखांवर प्रती खपल्या आणि डिसेंबरात 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये वर्षातला सर्वोत्तम गेम ठरला. बड्या कंपन्यांनी कालबाह्य ठरवलेला, आळीपाळीने चाल करण्याचा प्रकार त्यांनी निवडला होता. बड्या कंपनीत हा प्रस्ताव पहिल्याच बैठकीत पडला असता असं मला वाटतं.

ही छोट्यांची लाट खरी आहे. 'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीचा गेम एरिक बॅरोन या एकट्या माणसाने चार-साडेचार वर्षं खपून बनवला आणि त्याच्या चार कोटींवर प्रती गेल्या. 'बलाट्रो' हा पत्त्यांचा गेमही एका माणसाचा.

पण इथे दोन गोष्टी नजरेआड करू नयेत. एक, 'तीस जणांचा गेम' म्हणताना बाहेरून ॲनिमेशन, संगीत, चाचणी, भाषांतर करून देणारी माणसं त्या तिसांत धरलेली नसतात. श्रेयनामावली शेवटपर्यंत पाहिली तर ती दिसतात. दुसरी, 'स्टीम' या संगणकावरच्या गेमच्या सर्वांत मोठ्या ऑनलाइन दुकानात २०२४ मध्ये १८ हजारांहून जास्त नवे गेम आले. त्यांतल्या बहुतेकांकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. बॅरोनने चार वर्षं रोज राबून जे केलं तोही एक क्रंचच, फक्त मालक तो स्वतः होता. घरचं कुणी सांभाळून घेणारं नसेल तर ही वाट परवडत नाही.

आपल्या बातम्यांतलं 'गेमिंग' वेगळं

२०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आली. मुंबईच्या ड्रीम इलेव्हनसारख्या कंपन्यांचा मुख्य धंदा त्यात गेला आणि अनेक ठिकाणी नोकऱ्याही गेल्या. मराठी वर्तमानपत्रांत 'गेमिंग कंपन्यांत कपात' अशा मथळ्याखाली आलेल्या बातम्या बऱ्याचदा या कंपन्यांच्या होत्या. हा लेख ज्या गेमबद्दल आहे त्यांवर बंदी नाही, ई-स्पोर्ट्सला, म्हणजे गेमच्या स्पर्धांना, तर तोच कायदा मान्यता देतो. घरात कुणी गेम डिझाइन शिकतोय म्हणून "ते तर सरकारने बंद केलं ना?" असं विचारणाऱ्या काका-मामांना एवढं सांगितलं तरी पुरे.

पुणे, मुंबई, बंगळुरू

भारतातलं बरंचसं काम बाहेरच्या गेमसाठीचं आहे: चित्रं, गाड्या, इमारती, ॲनिमेशन, चाचणी. १९९७ साली सुरू झालेली बंगळुरूची ध्रुव इंटरॅक्टिव्ह ही त्यातली जुनी कंपनी, ती २०१९ मध्ये रॉकस्टारने घेतली. युबिसॉफ्टचा पुण्यातला स्टुडिओ २००८ पासून आहे, मुंबईतला २०१८ पासून. याचा अर्थ, कॅलिफोर्नियात किंवा पॅरिसमध्ये घेतलेल्या निर्णयाचा धक्का बाणेर-बालेवाडीतल्या फ्लॅटच्या हप्त्यापर्यंत पोचतो. शिवाय वेळेचा फरक असतोच. माँट्रियलच्या सकाळच्या बैठकीला इथे संध्याकाळ उलटलेली असते, आणि ती बैठक झाली म्हणून इथली सकाळची हजेरी चुकत नाही.

स्वतःचे गेम बनवणारेही इथे आहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा 'राजी' २०२० मध्ये आला, पुराणकथांतल्या जगात फिरणारी एक मुलगी त्याची नायिका. पैसे उभे करण्यासाठी त्यांनी आधी लोकवर्गणी मागितली होती, ती ठरल्याएवढी जमली नव्हती. पुण्याच्याच सुपरगेमिंगने 'इंडस' आणला. राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये ॲनिमेशन आणि गेमिंगसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केलं, मुंबईत या विषयांची राष्ट्रीय संस्थाही सुरू झाली. शिक्षणाची सोय होतेय हे चांगलंच. पण या शिकलेल्या मुलांना कामाचे तास, श्रेय आणि कंत्राटाच्या अटी यांबाबत कोण शिकवणार, हे मला या घोषणांत कुठे दिसलं नाही.

एकजूट आणि एआय

गेमवाल्यांच्या संघटना ही अगदी अलीकडची गोष्ट. अमेरिकेत रेव्हन सॉफ्टवेअरच्या टेस्टरांनी २०२२ च्या मे महिन्यात मतदान करून संघटना केली. निमित्त होतं काही कंत्राटी टेस्टरांना अचानक काढल्याचं. फ्रान्समध्ये युबिसॉफ्टचे कर्मचारी २०२४ मध्ये पगारासाठी आणि ऑफिसला येण्याच्या सक्तीविरुद्ध संपावर गेले. २०२५ च्या अखेरीस रॉकस्टारने ब्रिटन आणि कॅनडातल्या तीसहून जास्त कर्मचाऱ्यांना काढलं. संघटना करत होते म्हणून काढलं, असं कामगारांची संघटना म्हणते. गोपनीय माहिती बाहेर दिली म्हणून काढलं, असं कंपनी म्हणते.

एआयचा प्रश्न सर्वांत आधी कलाकारांना भिडला. डेव्हिड मेकनरने जे भावासाठी केलं ते आज 'मोशन कॅप्चर' या नावाने चालतं. अंगभर खुणा लावलेला पोशाख घालून अभिनेता पळतो, पडतो, आणि त्याच्या हालचाली थेट संगणकात जातात. आता त्या हालचालींवरून आणि आवाजावरून एआय हवी तेवढी नवी दृश्यं बनवू शकतं, अभिनेता हजर नसताना. म्हणून अमेरिकेतली सॅग-आफ्ट्रा ही कलाकारांची संघटना २०२४ च्या जुलैत संपावर गेली. जवळपास वर्षभराने करार झाला. आपली डिजिटल प्रतिकृती वापरण्याआधी संमती आणि वापराबद्दल मोबदला, हे त्यात मिळालं. चित्रकार आणि टेस्टर यांच्या बाजूने असा करार करायला बहुतेक ठिकाणी अजून कुणी नाही.

घरातल्या मुलीला किंवा मुलाला इथेच जायचं असेल तर

जाऊ द्या. काम सुंदर आहे आणि हुशार माणसांच्या संगतीत ते शिकायला मिळतं. फक्त मुलाखतीत पगाराबरोबर आणखी काही गोष्टी विचारायला सांगा. मागच्या गेमच्या शेवटच्या तीन महिन्यांत आठवड्याला किती तास काम झालं? नोकरी कायम आहे की प्रकल्पापुरती? गेम मधेच रद्द झाला तर टीमचं काय होतं? बाहेर पडलेल्या माणसाचं नाव श्रेयनामावलीत राहतं का, आणि ते लेखी आहे का? दाखवायला म्हणून स्वतःचं काम गेम आल्यावर वापरता येईल का?

नेमणूकपत्रातलं पदाचं नावही नीट वाचावं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि जादा कामाला दुप्पट मोबदला आहे. रोजची मर्यादा ९ तासांवरून १० करायला मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये मान्यता दिली. पण व्यवस्थापकीय किंवा देखरेखीच्या पदावरच्या माणसाला यातलं संरक्षण मिळत नाही, त्यामुळे दोन वर्षांच्या अनुभवावर 'लीड' किंवा 'मॅनेजर' असं पद देऊ केलं तर त्याबरोबर अधिकार आणि पगार किती वाढतोय ते आधी विचारावं. पुण्यात 'नाइट्स' ही आयटी कर्मचाऱ्यांची संघटना आहे, तिने नोकरकपातीच्या तक्रारी कामगार खात्याकडे नेलेल्या आहेत. गेम स्टुडिओतली नोकरीही शेवटी सॉफ्टवेअरमधलीच नोकरी आहे, तेव्हा अडचण आली तर तिथे जाता येतं.